पोगेनब्रिंक नावाची माणसं

नोर्टब्रोक, २ नोव्हेंबर

प्रिय लुडगर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडून टाकायच्या आधी एवढं वाच. मी कुठल्या जुन्या गोष्टीचा जाब विचारायला लिहीत नाही. तुझ्या योनासचा मला निरोप आलाय, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते तुला विचारल्याशिवाय मला ठरवता येत नाही.

काल सगळ्या संतांचा दिवस. आईबाबांच्या थडग्यावर दिवे लावून घरी आले, ओला कोट काढला आणि फोन बघितला. "आत्या, मी योनास, ओळखलंत का?" मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि बाबांच्या बुटात पाय घालून अंगणभर फिरत होता. आता त्याची बायको मेर्ले मे महिन्यात बाळंत होणार म्हणे. बाळ येणार म्हटल्यावर त्याला घराण्याची ओढ लागलीय. तुझ्या बायकोच्या नावाने तुम्ही सगळे हुबर. पण तू जन्माचा पोगेनब्रिंक, तर हे नाव आलं कुठून, त्याचा अर्थ काय, अजून कोण कोण आहे, असं त्याने विचारलंय.

सोबत एक नकाशा पाठवला होता. इंटरनेटवर आडनाव टाकलं की टेलिफोनच्या यादीवरून ते नाव देशात कुठे किती आहे ते रंगात दाखवतात. हुबर टाकलं तर सगळा बव्हेरिया लालेलाल होतो म्हणाला. पोगेनब्रिंक टाकलं तर आपल्या गावाभोवती एक गडद ठिपका, वर समुद्राकाठी ब्रेमरहाफेनला एक फिका, आणि उरलेला देश कोरा. खाली त्याने लिहिलंय, "आत्या, आपण इतके थोडेच का उरलो?"

लुडगर, मी फोन पालथा घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मग सांगता येण्यासारखं तेवढं सांगितलं. पोग्गे म्हणजे आपल्या जुन्या बोलीत बेडूक, ब्रिंक म्हणजे गवताचा उंचवटा. ओढ्याकाठच्या शेतात पावसाळी बेडूक ओरडायचे, म्हणून शेताला ते नाव, आणि शेतावरून माणसांना. शाळेत पोरं आपल्यामागे डराँव डराँव करायची तेही लिहिलं. तो खूप हसला असावा. पुन्हा लिहिलं, "आणि आजोबा कशाने गेले? बाबा कधीच सांगत नाहीत."

याचं उत्तर मी दिलेलं नाही. बाबांच्या अंत्यविधीला चर्चबाहेर तू माझी बाही धरून म्हणाला होतास, "योनासला यातलं काही कळता कामा नये. तो हुबर आहे." मी मान डोलावली होती. ती मान आता मला जड झालीय. त्याला तू सांग. बाळ यायच्या आत सांग.

मी ठीक आहे. बेकरीत अजून केकवर नावं घालण्याचं कामच करते.

तुझी,
आल्मुट


नोर्टब्रोक, १७ नोव्हेंबर

प्रिय लुडगर,

उत्तर नाही. हरकत नाही. पण इथे एक गोष्ट घडलीय ती मला कुणाला तरी सांगायलाच हवी, आणि हे सांगण्यासारखं माणूस जगात तूच एक आहेस.

शुक्रवारी बेकरीत गर्दी होती. संत मार्टिनच्या मिरवणुकीसाठी माणसाच्या आकाराचे गोड पाव नेतात ना, त्या रांगेत एक उंच, रुंद खांद्यांचा तरुण शेवटपर्यंत थांबला. पाव घेतला नाही. माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघत म्हणाला, "पोगेनब्रिंकबाई, मीपण पोगेनब्रिंकच." त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मला आधी वाटलं हा काही चोरून आणलेलं विकायला आलाय.

कार्स्टन त्याचं नाव. ब्रेमरहाफेनचा. नकाशावरचा तो फिका ठिपका म्हणजे हा, त्याचे वडील आणि दोन काका. घरांची छपरं घालतो. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या डाव्या हातातून वस्तू सुटतात. एकदा कौल सुटलं, एकदा हातोडी. हातोडी खाली उभ्या माणसाच्या बुटापाशी पडली. घाबरून त्याने कसं कुणास ठाऊक, स्वतःचं आडनावच इंटरनेटवर शोधलं, आणि आपल्याकडच्या कुणीतरी जुन्या आठवणी लिहिल्या आहेत त्यात त्याला दोन शब्द सापडले. 'पोगेनब्रिंकांचा नाच'.

तुला ते शब्द ऐकून काय होतं मला माहीत आहे. मलाही तेच झालं.

त्याला मी घरी आणलं. दुसरं काय करणार? मटाराचं सूप गरम केलं, काळा पाव कापला. बाबांचं सगळं सांगितलं. बोटं आधी कशी पियानो वाजवल्यासारखी हलायची, मग खांदे, मग सगळं अंग; लोक त्यांना दारुडा म्हणायचे आणि आईसुद्धा काही वर्षं तेच समजत होती; ते चिडायचे कसे, रडायचे कसे; शेवटी पाणीसुद्धा घट्ट करून पाजावं लागायचं. हंटिंग्टनचा आजार असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आपण दोघं टेबलाशी होतो, तू उठून बाहेर गेलास. आई किंवा बाप, ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला नाणं उडवल्यासारखी पाळी. छापा किंवा काटा. कार्स्टनने विचारलं, "आणि तुम्हाला?" मी म्हटलं, माहीत नाही. मी कधी तपासलं नाही.

सूप पिताना तो माझ्या हाताकडे बघत होता आणि मी त्याच्या.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगते. मी ठीक नाही. सप्टेंबरात माझ्या हातून पावांचा ट्रे पडला. मालक म्हणाला, पडतो कधीतरी. पण त्याच आठवड्यात गिझेला नावाच्या बाईच्या केकवर लिहिताना माझा हात मध्येच उडाला आणि साखरेची रेघ कडेला गेली. ते पुसून पुन्हा लिहिलं, कुणी पाहिलं नाही. तेव्हापासून मी सकाळी आरशासमोर हात पुढे करून उभी राहते आणि बोटं मोजावी तशी बघते. हलली की काय? ही थंडी की ते? असं रोज जगता येत नाही, लुडगर. तू कसा जगतोस?

म्युन्स्टरला आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. आल्टहोफ त्यांचं नाव. लगेच रक्त घेत नाहीत. आधी बोलायला बोलावतात, मग विचार करायला घरी पाठवतात.

आल्मुट


नोर्टब्रोक, ९ डिसेंबर

प्रिय लुडगर,

कार्स्टन शनिवारी पुन्हा आला. मी त्याला वारेनडोर्फच्या वृद्धाश्रमात हेडविगआत्याकडे घेऊन गेले. बाबांच्या या चुलत बहिणीने आता नव्वदी ओलांडलीय. कान गेलेत, जीभ शाबूत आहे. मला बघताच म्हणाली, "आलीस? वर्षभराने? कुणी मेलं का?"

मी ओरडून सांगितलं की हा ब्रेमरहाफेनचा पोगेनब्रिंक आहे आणि आपलं याच्याशी नातं काय ते तुला ठाऊक असेल. तिने त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं, हनुवटी धरून तोंड इकडून तिकडून बघितलं. घोड्याची पारख करावी तसं. मग म्हणाली, "नातं काहीच नाही."

"अहो पण आडनाव एकच आहे," कार्स्टन म्हणाला.

"आडनाव शेताचं रे. माणसाचं कुठलं?"

मग तिने जे सांगितलं ते तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं. पूर्वी आपल्या मुलखात नाव शेतावर राहायचं, माणसं येऊन-जाऊन. जो लग्न करून शेतावर आला त्याने आपलं जन्माचं नाव दाराबाहेर ठेवायचं आणि शेताचं घ्यायचं. पणजोबांच्या आधीच्या पिढीत असल्याच एका ओल्या हिवाळ्यात मूळचा पोगेनब्रिंक तापाने गेला. मागे तरुण विधवा आणि एक मुलगा. बाईमाणसाने एकटीने शेत कसं करायचं? तिने लिप्पेहून आलेल्या एका गड्याशी लग्न केलं. ब्रोकमान त्याचं जन्माचं नाव. घोड्यांचा हात चांगला, दिसायला देखणा. तो पोगेनब्रिंक झाला. पहिल्या नवऱ्याच्या मुलाचं आणि त्याचं पटेना. मुलगा मोठा झाल्यावर समुद्राकडे निघून गेला, ब्रेमरहाफेनला. "हा त्याचा," आत्या कार्स्टनच्या गुडघ्यावर काठी टेकवून म्हणाली. "आपण त्या गड्याचे."

मी विचारलं, आणि नाच?

ती म्हणाली की तो गडी उतारवयात नाचायला लागला तेव्हा त्याच्या गावाहून त्याचा एक भाऊ भेटायला आला होता. भाऊ म्हणाला, आमचा बापही असाच गेला, खुर्चीला बांधून ठेवायचो. विधवेच्या माहेरी आणि पहिल्या नवऱ्याकडे असलं कधी कुणाला नव्हतं. "गाव मात्र पोगेनब्रिंकांचा नाच म्हणतं," आत्या म्हणाली. "खरं तर ब्रोकमानांचा म्हणायला हवा. पण ते नाव कुणाला आठवतंय?"

कार्स्टन बाहेर येऊन सायकलींच्या मांडवात बसला आणि एवढा मोठा माणूस रडला. मला म्हणाला, "काकू, मला माफ करा, मला इतकं बरं वाटतंय." आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते, आणि लुडगर, त्या क्षणी मी त्याचा द्वेष केला. त्याच्याकडे माझं नाव होतं आणि माझी भीती नव्हती. नंतर त्याला घरी नेऊन जेवू घातलं, पण ते आधी वाटलं ते वाटलंच.

आल्टहोफबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, म्हातारीच्या आठवणीवर सगळं सोडू नका, त्याचा हात दाखवून घ्या. त्याने दाखवला. कोपरापाशी शीर दबलीय. छोटी शस्त्रक्रिया, मग पुन्हा छपरावर.

आता तुझ्यासाठी. तू लग्नात रोसविताचं आडनाव घेतलंस तेव्हा गावात हसले लोक. मी नाही हसले. मला कळलं होतं तू काय करतोयस ते. माझ्याही मनात कित्येकदा आलं की लग्न करावं आणि हे नाव टाकून द्यावं. पण त्या लिप्पेच्या गड्यानेही नाव बदललं होतं. शेताच्या दारात जुनं नाव ठेवून तो आत आला, आणि जे रक्तात होतं ते त्याच्याबरोबर आत आलं. योनासला कुठल्या नावाने हाक मारतात याने काहीही होत नाही. नाणं तुझ्यापाशी थांबलंय की पुढे गेलंय, एवढंच आहे.

मला घाबरवायचं नव्हतं तुला. नाही, खोटं बोलले. घाबरवायचंच होतं. मी एकटी घाबरून थकले.

आल्मुट


नोर्टब्रोक, १५ जानेवारी

प्रिय लुडगर,

तुझं कार्ड मिळालं. "मला पुन्हा लिहू नकोस. ल. हुबर." पुढच्या बाजूला डॅन्यूबवरचा जुना पूल, सुंदर आहे.

तरी लिहितेय. सोमवारी रक्त दिलं. आल्टहोफबाईंनी तीनदा विचारलं, नक्की का? कळल्यावर ते न कळलेलं करता येत नाही, आणि अजूनही उठून जाता येईल. मी बाही वर केली. सोबत कुणी आहे का विचारलं तर कार्स्टन उठून उभा राहिला. हाताला पट्टी बांधून इतक्या लांबून आला होता. "नातेवाईक?" असं नर्सने विचारलं. "नावापुरता," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

निकालाला काही आठवडे लागतात. बेकरीत मी मालकाला सांगितलं. तो चांगला माणूस आहे, पण सांगितल्यापासून माझ्या हातात गरम तेलाचं भांडं देत नाही. गावातल्या तीसकोटरबाई दुकानात आल्या की मुद्दाम दुसऱ्या मुलीकडून घेतात. त्यांच्या वडिलांनी बाबांची शवपेटी खांद्यावर घेतली होती.

एक विचारू? ते कार्ड तू कुठे बसून लिहिलंस? गाडीत? उभ्याउभ्या?

योनासने पुन्हा विचारलंय. मी लिहिलं, तुझ्या बाबांना विचार.

आल्मुट


नोर्टब्रोक, २० फेब्रुवारी

प्रिय लुडगर,

मला नाही.

दोन शब्द आहेत, आणि लिहायला मला सकाळपासून संध्याकाळ लागली. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं, मला ताटकळत ठेवायचं नव्हतं म्हणून. ट्रे पडला तो नुसता पडला. केकवरची रेघ भीतीने उडाली. बाबांकडून जे यायचं होतं ते माझ्याकडे आलेलं नाही.

आनंद होईल असं सगळ्यांना वाटतं. मी बाहेर येऊन कठड्यावर बसले. इतकी वर्षं मी त्या भीतीभोवती घर बांधलं होतं. लग्न केलं नाही. मूल होऊ दिलं नाही. रुडॉल्फ आठवतो? घोड्यांचा डॉक्टर? त्याला मी नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. आता कळतंय की भिंतींच्या आत कुणीच नव्हतं. आणि भीती गेली म्हणावं तर ती गेली नाही. उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

त्या खोलीत तू आहेस.

कार्डाबद्दल मी खरं बोलले नाही. ते मी खिडकीपाशी उजेडात धरून नीट पाहिलं होतं. 'लिहू' मधलं एक अक्षर वर, एक ओळीखाली घसरलेलं, आणि शेवटी पेन कागद फाडून गेलेलं. तुझं अक्षर शाळेत बक्षिसं मिळवायचं. असं अक्षर मी याआधी एकाच माणसाचं पाहिलंय, आणि त्याच्या हातून मी अकरा वर्षं पेन, चमचा, वस्तरा काढून घेत होते.

चुकत असेन तर मला शिव्या घाल. फोन करून घाल. मी वाट बघते.

आल्मुट


नोर्टब्रोक, २६ फेब्रुवारी

प्रिय लुडगर,

फोन तुझा नाही, रोसविताचा आला. हे ती तुला वाचून दाखवेल, कारण ओळी तुझ्या डोळ्यांसमोर ठरत नाहीत असं ती म्हणाली.

तिला माझी पत्रं तुझ्या कोटात सापडली. सगळी उघडलेली, पुन्हा पुन्हा घडी घातलेली. म्हणजे तू वाचत होतास. ती म्हणाली, दोन वर्षं तू जिन्यात पडतोस, ताटं भिरकावतोस, बसच्या कंपनीने तुला गाडीवरून उतरवलं, आणि ती कपाटांमागे बाटल्या शोधत राहिली. एकही बाटली मिळाली नाही याचा तिला अधिकच राग यायचा. आजाराचं नावच तिला ठाऊक नव्हतं. तू तिलाही सांगितलं नव्हतंस.

नंतर म्हणाली, "ताई, त्याने लग्नात माझं नाव घेतलं ना, तेव्हा मला वाटलं होतं, किती प्रेम आहे याचं माझ्यावर."

मी म्हटलं, "तेही असेल." आणि मला ते खरंच वाटतं, लुडगर. घाबरलेला माणूस पळताना कुणाच्याही दारात शिरत नाही.

तिने विचारलं, योनासला मी सांगू का? मी नको म्हटलं. तुझ्यावतीने मीही सांगणार नाही. आल्टहोफबाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, तपासायचं की नाही, कधी, बाळाचं काय, हे सगळं त्याचं त्याने ठरवायचं. पण ठरवायला त्याला आधी माहीत तर हवं. आणि ते बापाच्या तोंडून कळलं तर त्याला हेही कळेल की बाप अजून इथेच आहे.

मी येतेय. बेकरीतून रजा घेतलीय. मालक म्हणाला, हवी तितकी घे. तुला नको असले तरी येतेय. मला या आजाराचं सगळं येतं. पाणी किती घट्ट केलं की ठसका लागत नाही, गादी जमिनीवर कधी आणायची, तू ओरडशील तेव्हा तो तू नसतोस हे रोसविताला कसं समजवायचं. बाबांच्या वेळी मी चुकतमाकत शिकले. तुझ्या वेळी कमी चुकेन. म्युन्स्टरहून तुमच्या रेगेन्सबुर्गच्या डॉक्टरांना पत्र गेलंय, पहिल्या भेटीला आपण तिघं जाऊ.

मी घाबरलेली आहे. ते लपवत नाही. इतकी वर्षं स्वतःसाठी घाबरले, त्यात निदान घरात एकटी असायचे, कुणी बघत नव्हतं. आता तुझ्या दारात उभं राहून तुझे खांदे हलताना बघायचे आहेत आणि माझे स्थिर ठेवायचे आहेत. ते जमेल की नाही मला माहीत नाही. तू मला बघून दार लावून घेशील याचीही भीती वाटते.

रविवारी योनास आणि मेर्ले तुमच्याकडे जेवायला येणार आहेत असं रोसविता म्हणाली. बटाटे मी सोलीन. जेवण झालं की मेर्लेला नीट टेकून बसायला उशी देऊ, आणि मग सांगायचं तू. जीभ अडखळली तर अडखळू दे. तुला जितका वेळ लागेल तितका लागू दे. मी शेजारी बसेन आणि मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

तुझी ताई,
आल्मुट